चोपन्न अंश

चिलुफ्या आली तेव्हा भट्टी निवत आली होती.
बिस्किटाच्या डब्यातून तिने काढलं
तपकिरी फितीचं एक चाक,
म्हणाली, काबासोकाका, हे भाजून द्या.

मी बन भाजले, पाव भाजले,
एकदा खाणीतल्या इंजिनियरच्या लेकीच्या लग्नाचा केक,
जो एका अंगाने बसला.
फीत कधी नाही.

चोपन्न अंश, ती म्हणाली, आठ तास.
कमी पडलं तर चिकट राहील,
यंत्राच्या तोंडात कातडी सोडून येईल.
जास्त झालं तर
पुढचं तिने सांगितलं नाही.

किट्वेत वीज सकाळी जाते ती कधीकधी दुसऱ्या दिवशी येते.
माझी भट्टी लाकडाची.
लाकडाला चोपन्न कळत नाही,
त्याला कळतं पेटणं आणि विझणं.
मी राख पसरली, दार बोटभर उघडं ठेवलं,
हात आत धरून बसलो, तापलेल्या लेकराच्या कपाळावर धरावा तसा.
तिचा थर्मामीटर छप्पन म्हणाला.
मी दोन बोटं उघडलं.

त्या दिवशी पाव नाही.
रांग परत गेली. शिंपी मुसोन्डा दारातूनच ओरडला,
शिळ्या कढीला ऊत आणताय का म्हाताऱ्या?
कढीचं मला माहीत नाही.
शिळ्या पावावर पाणी शिंपडून
पुन्हा आत ठेवला तर तो घटकाभर ताजा असतो,
एवढं माहीत आहे. त्या घटकेत खाऊन घ्यायचा.

डब्यावर बोनिफेसचं अक्षर होतं:
सल्फर फाइव्ह, चौऱ्याहत्तर, दुसरी बाजू.
पाचांतला पाचवा कोण
हे मी पोरीला सांगितलं नव्हतं.

मग पिठाच्या पोत्यांमध्ये तिचा संसार मांडला गेला:
ट्रकची बॅटरी, एक कळ तुटलेला लॅपटॉप,
लहान मुलाचा वाटावा असा कीबोर्ड,
आणि वायरी, वायरी.
आधी नुसती खरखर,
पहाटे पीठ फुगताना पुटपुटतं तशी.
मग खोकला.
बोनिफेस.
तोच खोकला पुढे मोठा झाला
आणि त्याला घेऊन गेला.
त्या आजाराचं नाव तेव्हा घरात कुणी घेत नसे.

तिने तो कापला नाही.

मग त्याची गिटार, फाटकी, चावरी.
परदेशी पेटी परवडत नव्हती
म्हणून स्पीकरच्या कागदाला ब्लेडने चीर दिली होती आम्ही.
पोरीने विचारलं, हा आवाज कुठल्या यंत्राचा?
मी म्हणालो, दाढीच्या.

आणि तिसऱ्या मिनिटाला, मला ठाऊक होतं, तिसऱ्या मिनिटाला
काठी निसटते.
एक ठोका नाहीच. मग टक्,
टक् टक् टक् फरशीवरून घरंगळत.
बोनिफेसने बूट फेकून मारला होता.
पुन्हा वाजवायला पैसे नव्हते,
राहिली ती चूक तशीच.

तिथेच ती थांबली.
मागे गेली. पुन्हा. पुन्हा.
तेवढे दोन सेकंद कापून तिने त्यांचं चाक केलं,
खाली एक घुमारा सोडला,
रात्री खाणीचे पंखे घुमतात तसा,
काठीचं पडणं इतकं लांबवलं
की कुणी जिना उतरतंय, उतरतंय, पोचत नाही.
मग एक कळ दाबली आणि ते उलटं फिरलं:
काठी फरशीवरून घरंगळत येते,
उठते,
माझ्या हातात परत येते.

पोत्याला टेकलो.

कोण हो हा वाजवणारा? असा कसा चुकला?
आहे एक, मी म्हणालो, पहाटे तीनला उठतो.
ती बघत राहिली माझ्या मनगटांकडे.
मग हळूच: काका, हे पुन्हा वाजवाल? अगदी असंच?

आठवडाभर ती गेल्यावर
लाटण्याने परातीवर वाजवून पाहिलं.
ठेका बरोबर येतो.
प्रत्येक वेळी बरोबर येतो.
चुकताच येत नाही.